आधी कागद, मग अक्षता

"लग्न डेन्मार्कला करतोय," असं फोनवर सांगितलं, तेव्हा आईला वाटलं आम्ही काहीतरी भपकेबाज करणार. समुद्रकिनारा, फुलांची कमान वगैरे. तिला काय सांगणार, की आम्ही तिकडे निघालोय कारण तिथे माझा जन्मदाखला कुणी मागत नाही!

मी सांगलीची, तो ब्राझीलचा. भेट जर्मनीत झाली, बाडेन-व्युर्टेम्बर्गमधल्या एका मध्यम आकाराच्या शहरात. मी ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी लोकांना मिळणाऱ्या परवान्यावर, नोकरी करत होते. त्याचं वास्तुकलेचं मास्टर्स २०२१च्या सुरुवातीला संपलं. जर्मनीत शिक्षण झालं की नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो, तो त्याला मिळाला होता आणि २०२२च्या ऑगस्टमध्ये संपणार होता. छोटी-मोठी कामं मिळत होती, पण ज्यावर पुढचा परवाना मिळेल अशी नोकरी हाताला लागत नव्हती. लग्न तसंही करायचंच होतं. ते ऑगस्टच्या आत करायचं, एवढाच फरक.

२०२१च्या दिवाळीनंतर आम्ही शहराच्या विवाह नोंदणी कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी कागदांची यादी दिली. त्यात एक होता 'एएफेहिग्काइट्सत्सॉइग्निस', म्हणजे हा माणूस लग्नाला मोकळा आहे असा त्याच्या देशाने दिलेला दाखला. भारत तो जर्मनीला हव्या त्या स्वरूपात देत नाही. मग प्रांतिक उच्च न्यायालयाच्या अध्यक्षांकडून त्यातून सूट घ्यायची. सूट मिळायला आधी बाकीचे कागद खरे ठरायला हवेत. आणि इथे माझी गाडी अडली.

आमच्या पिढीतल्या अनेकांसारखा माझाही जन्मदाखला. आईवडिलांचं नाव, तारीख, दवाखाना, सगळं आहे, फक्त बाळाच्या नावाचा रकाना कोरा. बारशाच्या आधी नोंद झाली आणि नंतर कुणी फिरकलं नाही. बाबांनी हेलपाटे घालून नाव लावून घेतलं. एका एजंटाने सांगितलं, आधी मंत्रालयातून शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून लावतात ते स्टिकर, लागेल. बाबांनी तेही करून घेतलं. दाखल्याच्या पाठीवर ते स्टिकर लावून घरी आलं, तेव्हा त्यांनी मला व्हॉट्सॲपवर चार बाजूंनी फोटो पाठवले.

कार्यालयातल्या बाईंनी स्टिकर पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, याचा उपयोग नाही. भारत २००५पासून अपोस्टील करारात आहे, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशावर हरकत घेतली होती, त्यामुळे या दोन देशांमध्ये तो करार लागूच होत नाही. त्याऐवजी जर्मन वकिलात भारतात आपला माणूस पाठवून कागदांची चौकशी करते. नोंद-वही बघतात, कधी घरीही येतात. खर्च आपला आणि वेळ महिन्यांत मोजायचा. ब्राझीलचं तसं नाही. त्याच्या आईने गावातून अपोस्टील करून पाठवलेले कागद त्या बाईंनी एका मिनिटात बाजूला ठेवले. "तुझा देश हुशार निघाला," असं मी त्याला म्हटलं. त्याला काही ते पटलं नाही.

माझ्या नावाचाही घोळ होताच. पासपोर्टवर माझ्या नावाला लागून बाबांचं नाव आहे, आपल्याकडे असतं तसं. बाईंना वाटलं ते माझं दुसरं नाव. पुरुषाचं नाव मुलीला कसं, यावर आमची दहा मिनिटं गेली. त्याचं नाव चार शब्दांचं, त्यात आईचं आडनाव आधी, वडिलांचं नंतर. ते मात्र त्यांनी न विचारता लिहून घेतलं.

पर्याय काय काय होते, तेही सांगते, कारण हा प्रश्न मला अजून येतो. सांगलीत जाऊन १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करता आलं असतं. पण दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात तीस दिवस मुक्काम हवा आणि नोटिशीनंतर पुन्हा तीस दिवस थांबायचं. एवढी रजा कोण देणार? शिवाय मिळणारं प्रमाणपत्र भारतीयच, म्हणजे जर्मनीत परत तीच चौकशीची टांगती तलवार. ब्राझीलला लग्न करायचं तर माझे सगळे कागद पोर्तुगीजमध्ये, आणि तिकीटांचा खर्च बघून तो विषय तिथेच संपला.

डेन्मार्कचं नाव एका स्पॅनिश सहकारणीने सुचवलं. जर्मनीत राहणाऱ्या निम्म्या मिश्र जोडप्यांना हे माहीत असतं, आम्हालाच नव्हतं. तिथलं कौटुंबिक बाबींचं सरकारी कार्यालय, फामिलिएरेट्सहूसेट, ऑनलाइन अर्ज घेतं. पासपोर्ट, जर्मनीतले राहण्याचे परवाने, जर्मन नगर कार्यालयाचा 'अविवाहित' असं लिहिलेला रहिवासी दाखला, आणि तुमचं नातं खरं आहे याचे पुरावे. आम्ही भाडेकरार, प्रवासाची तिकिटं आणि फोटो जोडले. फोटो निवडताना मी सगळे चांगले दिसणारे काढले. तो म्हणाला, पसारा दिसतोय ते टाक, ते खरे वाटतात. तेच टाकले. आठव्या दिवशी उत्तर आलं. त्या प्रमाणपत्राची मुदत चार महिने, तेवढ्यात डेन्मार्कच्या कुठल्याही नगरपालिकेत लग्न लावता येतं.

आम्ही टोंडर निवडलं, कारण ते जर्मन सीमेला अगदी खेटून आहे. मे २०२२. रेल्वेने हॅम्बुर्ग, तिथून नीब्युल, तिथून छोटी गाडी. सीमेवर पासपोर्ट बघितले. गाव लेससाठी प्रसिद्ध, जुन्या विटांची बुटकी घरं, आणि वारा असा की साडी नेसायचा बेत मी हॉटेलच्या खिडकीतूनच रद्द केला. आदल्या दिवशी नगरपालिकेत मूळ कागद दाखवायचे असतात. त्या बाईंनी माझा पासपोर्ट पाहून विचारलं, "मधलं नाव वडिलांचं ना?" मी तिला मिठी मारायचीच बाकी होते.

वेळ मिळाली होती सकाळी दहा चाळीसची. बाबांनी पंचांग पाहून कळवलं की तेव्हा राहुकाळ आहे. मग आईने तोडगा काढला, की राहुकाळ इथल्या सूर्योदयावर मोजलाय, तिकडचा सूर्य वेगळा. लग्न इंग्रजीत झालं, बारा मिनिटांत. साक्षीदार नगरपालिकेच्याच दोन कर्मचारी बायका. व्हिडिओ कॉलवर सांगलीत आई, काकू, आत्या, आणि दुसऱ्या फोनवर ब्राझीलमध्ये पहाटे उठून बसलेली त्याची आई. मंगळसूत्र मी पर्समध्ये नेलं होतं. सही झाल्यावर तिथल्या कॉरिडॉरमध्ये त्याने ते घातलं, हुक उलटा लावला, आणि काकू फोनवरून ओरडून सूचना देत होती. डॅनिश बायका टाळ्या वाजवत होत्या.

प्रमाणपत्र पाच भाषांत छापलेलं मिळतं. डॅनिश, जर्मन, इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश. भाषांतराचा खर्च वाचला. युरोपियन संघाच्या एका नियमामुळे २०१९पासून संघातल्या देशांमध्ये अशा कागदांना अपोस्टील लागत नाही. हे वाचून मी खूश झाले, आणि डॅनिश परराष्ट्र मंत्रालयाकडून अपोस्टील घ्यायचं सोडून दिलं. ही माझी सगळ्यात महागातली चूक. त्याबद्दल पुढे सांगते.

जर्मनीत परतल्यावर त्याच्या नव्या परवान्यासाठी, म्हणजे ब्लू कार्डवाल्याचा जोडीदार म्हणून, अर्ज केला. यात जोडीदाराला पहिल्या दिवसापासून नोकरीची मोकळीक असते आणि एरवी लागते ती भाषेची ए-वन परीक्षाही लागत नाही. (त्याची जर्मन माझ्यापेक्षा चांगली आहे, तो भाग वेगळा.) अर्ज जूनमध्ये दिला, भेटीची तारीख मिळाली सप्टेंबरची, आणि जुना परवाना संपत होता ऑगस्टमध्ये. मुदत संपायच्या आत अर्ज पोचलेला असेल तर कायद्याने जुना परवाना चालू धरतात आणि तसा एक कागद देतात. त्याचं नाव 'फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग'. आमच्या मराठी गटात त्याला सरळ 'कल्पित दाखला' म्हणतात. दोन महिने माझा नवरा जर्मनीत कल्पित होता. अर्ज पोचल्याची ईमेलची पोच मात्र छापून ठेवा. आमचा तो कागद मिळायला उशीर झाला, तेव्हा त्याच्या नव्या मालकाने ती पोच पाहूनच कामावर घेतलं.

तो परवाना मिळाला, पण त्याची एक बाजू मला शेवटपर्यंत खुपत राहिली. त्याचं तिथलं राहणं माझ्या ब्लू कार्डावर टांगलेलं, माझं कार्ड माझ्या नोकरीवर. कंपनीत कपातीची कुजबुज सुरू झाली की मी दोघांच्या वाटची झोप घालवायचे.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगते, कारण गेल्या वर्षी एका मैत्रिणीला हे करण्यापासून थांबवलं. आमचं डेन्मार्कचं लग्न चाललं, कारण आम्ही दोघेही आधीच जर्मनीत कायदेशीर राहत होतो. तिचा होणारा नवरा पुण्यात. तिचा बेत होता, त्याला पर्यटक व्हिसावर बोलवायचं, डेन्मार्कला लग्न लावायचं आणि परत येऊन जर्मनीतच परवाना मागायचा. असं धरून चालू नका. जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०१०-११मध्येच अशा प्रकरणांत स्पष्ट केलंय, की हक्क डेन्मार्कमध्ये लग्न झालं तेव्हाच तयार झाला, जर्मनीतला प्रवेश त्यानंतरचा, म्हणून जर्मनीतच परवाना मागायची सवलत नाही. परत जाऊन रीतसर व्हिसा घेऊन या, असं सांगू शकतात. तिने शेवटी पुण्यात लग्न केलं, तिथेच नोंदणी केली आणि मुंबईच्या जर्मन वकिलातीतून कुटुंब-व्हिसा काढला. वेळ लागला, पण विमानतळावर धाकधूक नव्हती.

डिसेंबर २०२२ला आम्ही सांगलीत अक्षता टाकल्या. तो भारताच्या व्हिसावर आला. हॉलवाल्याच्या ओळखीचा एक जण म्हणाला, इथे पण नोंदणी करून टाका, दाखला मराठीत मिळेल, कामाला येईल. बाबा तयारच होते. मी नाही म्हटलं. एकाच जोडप्याची दोन देशांत दोन तारखांची लग्नं कागदावर आली, की पुढे प्रत्येक खिडकीवर 'यातलं खरं कुठलं' हे सांगत बसायचं. सांगलीतला तो सोहळा होता, लग्न टोंडरला झालं होतं. आत्याला हे अजून मान्य नाही.

मग बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि भारतात परतायचा विषय पक्का होत गेला. नवऱ्याला पुण्यात काम करायचं तर सगळ्यात सोयीचं ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात दीर्घकाळ राहू देणारं कार्ड. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला ते मिळतं, पण लग्न नोंदलेलं आणि अर्जाच्या दिवशी सलग दोन वर्षं झालेलं हवं. म्हणजे मे २०२४. तोवर मी म्युनिकच्या भारतीय वकिलातीमार्फत माझ्या पासपोर्टवर जोडीदाराचं नाव लावायला घेतलं, आणि तिथे विचारलं गेलं: विवाह प्रमाणपत्रावर अपोस्टील कुठे आहे?

डेन्मार्क आणि भारत दोघेही करारात. म्हणजे इथे ते चाललं असतं. जिथे चालत नव्हतं तिथे बाबांनी हौसेने करून पाठवलं होतं, आणि जिथे लागणार होतं तिथे मी हुशारी करून घेतलं नव्हतं. मूळ प्रमाणपत्र पोस्टाने कोपनहेगनला पाठवलं, आणि ते परत येईपर्यंतचे दिवस मी टपालपेटीच्या अवतीभवती काढले. तुमच्यापैकी कुणी डेन्मार्कला लग्न करत असेल आणि भारताशी पुढे काहीही संबंध राहणार असेल, तर दोन प्रती घ्या आणि दोन्हींवर लगेच अपोस्टील घ्या. जर्मनीत लागत नाही हे खरं आहे. पण तुम्ही फक्त जर्मनीचे नसता.

ओसीआयच्या मुलाखतीला दोघांना एकत्र बोलावलं. अधिकाऱ्यांनी त्याला विचारलं, सासूबाई काय करतात. तो म्हणाला, "काळजी." मग गोंधळून, शिक्षिका होत्या, निवृत्त झाल्या. अधिकारी हसले, मी नाही हसले. जोडीदाराच्या बाबतीत सुरक्षा तपासणी झाल्याशिवाय कार्ड मिळत नाही, म्हणून वेळ जास्त लागतो. आमचं नोव्हेंबरमध्ये आलं. हे कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि लग्न मोडलं तर कार्डही जातं. शेतजमिनीचं ऐकून बाबांना फार वाईट वाटलं. मिरज रोडला एक द्राक्षबाग त्यांनी जावयासाठी मनात धरून ठेवली होती. जावयाला द्राक्षं आवडतात, शेती नाही, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

२०२५च्या फेब्रुवारीत आम्ही पुण्यात आलो. कार्डावर त्याला नोकरीची मुभा आहे, पोलिसांकडे परदेशी म्हणून नोंदणीची गरज नाही. पण बँकेपासून गॅसपर्यंत सगळे आधार मागतात, आणि परदेशी माणसाला आधार मिळायला आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. त्याने फ्रिजवर कॅलेंडर लावून दिवस खोडायला सुरुवात केली. ऑगस्टमध्ये आधार केंद्रावर गेलो. ऑपरेटर मुलाने नाव टाइप करायला घेतलं, चार शब्द पाहून थांबला आणि मला विचारलं, "मॅडम, यातलं वडिलांचं नाव कुठलं?"