टिळकांनी कॉलेज का सोडलं?

तालुक्याच्या एका अनुदानित कॉलेजात एकतीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्त झाल्यापासून लोक एकच प्रश्न विचारतात : टिळकांनी स्वतःच उभं केलेलं फर्ग्युसन सोडलं ते का? टिळकही गणितच शिकवायचे, म्हणून बहुधा मला. विचारणाऱ्याच्या खिशात उत्तर तयार असतंच. आगरकरांशी सुधारणेवरून बिनसलं ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बिनसलं होतं, खोटं नाही. आगरकरांनी 1887 साली केसरी सोडला आणि पुढच्याच वर्षी सुधारक काढला. पण त्यानंतरही दोघं त्याच संस्थेत शिकवत होते. मतभेदांपायी कुणी नोकरी सोडत नाही, हे स्टाफरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. नोकरी सुटते ती वेळेवरून आणि पैशावरून.

1880 साली न्यू इंग्लिश स्कूल, 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी, 1885 च्या जानेवारीत फर्ग्युसन. या सगळ्यात वेगळेपण एकच होतं : संस्थेचा रोजचा कारभार शिक्षकांच्याच हाती होता. वीस वर्षं संस्थेला द्यायची, मोबदला सगळ्यांना सारखा आणि बेताचाच. पुढे तो महिना 75 रुपयांवर आला. अशा आजीव सदस्यांचं मंडळ म्हणजेच व्यवस्थापन. वर कारखानदार अध्यक्ष नाही, त्यांचे मेहुणे सचिव नाहीत.

टिळकांचं म्हणणं जेझुइट पाद्र्यांच्या धर्तीवरचं होतं. एकदा वाहून घेतलं की बाहेरचं काम नाही, बाहेरची मिळकत नाही. झालीच तर ती संस्थेची. इतरांना हे जड जायला लागलं. संसार वाढत होते. आगरकरांना दमा होता आणि घरात ओढाताण. शिवाय सार्वजनिक काम करणं हीसुद्धा सेवाच नाही का, असं काहींना प्रामाणिकपणे वाटत होतं. 1890 साली संस्थेतल्याच गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं, म्हणजे बाहेरच्या एका संघटनेचं, चिटणीसपद घेतलं आणि ताणलेलं तुटलं. टिळकांनी ऑक्टोबरात राजीनामा दिला, आणि डिसेंबरात त्याची कारणं देणारं लांबलचक निवेदन. वय चौतीस.

मी कुणाच्या बाजूचा? वाचताना टिळकांच्या, पगारपत्रक समोर आलं की आगरकरांच्या.

आता माझी गोष्ट, कारण ती याला चिकटलेली आहे. 2016 च्या विद्यापीठ कायद्यानंतर कॉलेजात महाविद्यालय विकास समिती आली. तीत शिक्षकांतून निवडलेले तिघं असतात, त्यांत एक तरी बाई हवी. त्या तिघांत मी होतो. आमच्या प्राचार्यांनी एक परिपत्रक काढलं : सकाळी आठ ते दुपारी चार थांबायचं, बायोमेट्रिकवर अंगठा, बाहेरच्या शिकवण्या बंद. परिपत्रकात चूक काही नव्हती, हे आधीच सांगतो. आमच्यातल्या दोघांचे क्लास कॉलेजच्या वेळातच भरायचे आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

पण प्राचार्य स्वतः आठवड्यातले तीन दिवस विद्यापीठाच्या कुठल्या ना कुठल्या समितीवर. आणि अर्धा विभाग तासिका तत्त्वावरच्या पोरांनी चालवलेला. त्यांना तासाचे पैसे आणि उन्हाळ्यात काहीच नाही. त्यातल्या एकाने मला विचारलं, सर, शिकवण्या बंद केल्या तर मे महिन्यात घरी काय सांगू?

हा प्रश्न मी बैठकीत नेला. तावातावाने 1890 काढलं, संस्था चालवणाऱ्यांची आणि शिकवणाऱ्यांची वेळ एकाच तराजूत तोलली पाहिजे, वगैरे. प्राचार्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, ‘‘अहो सर, टिळक असते तर माझ्याच बाजूने असते.’’

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. घरी येताना सुचलं, नेहमीसारखं. टिळक त्यांच्या बाजूचे असते, खरंच. पण ते स्वतः त्याच मोबदल्यावर, त्याच वेळापत्रकात बसून बोलत होते. आणि मंडळाने ऐकलं नाही तेव्हा सहकाऱ्यांना मेमो न काढता स्वतः बाहेर पडले. हे ऐकवायला मी पुढच्या बैठकीची वाट पाहिली. कायद्याप्रमाणे वर्षातून किमान चार बैठका व्हायला हव्यात, त्यामुळे फार थांबावं लागू नये. पण ती दोनदा पुढे ढकलली गेली आणि झाली तेव्हा नॅकच्या, म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, भेटीसाठीच्या रंगरंगोटीतच दीड तास गेला.

मागच्या बैठकीचं इतिवृत्त तेवढं वाचून कायम झालं. ‘विषय क्र. 4, कार्यालयीन वेळ. चर्चा झाली.’ टिळकांचं नाव त्यात नव्हतं, मे महिन्याचंही.