पहिली तोफ कुठली घेऊ? तुम्ही विचारलंत म्हणून

परवा पुन्हा एकाने विचारलं, ताई, रणगाड्यांची प्लास्टिकची मॉडेल्स दोन-तीन करून झाली, आता तोफेचं करायचंय, पहिलं किट कुठलं घेऊ? मी नेहमीचं उत्तर दिलं, 1/35 मधली (म्हणजे खरीच्या 35 पट लहान) ब्रिटिश 25 पाउंडर तोफ घे, तामिया कंपनीची, जर्मन 88 च्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या 88 मिमी तोफेच्या, नादी आत्ता लागू नकोस. मग नेहमीसारखंच, "पण का?" आणि मग मी माझ्या भाच्याची गोष्ट सांगते. गेली कित्येक वर्षं सांगतेय. ती गोष्ट मी अर्धीच सांगते हे मला माहीत होतं, आज पूर्ण सांगते.

आधी कारणं, कारण कारणं खोटी नाहीत.

25 पाउंडरला दोन चाकं आणि मागे एकच दांडा, ज्याला बॉक्स ट्रेल म्हणतात. म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या जागा तीन. तीन जागांवर उभी असलेली वस्तू डगमगत नाही, चुलीचे तीन दगड आठवा. तुमचा ट्रेल अर्धा मिलीमीटर वाकडा चिकटला तरी तोफ उभी राहते, फार तर जराशी कलते आणि ते तुमच्याशिवाय कुणाला दिसत नाही. आता पाक 40 ही जर्मन रणगाडाविरोधी तोफ घ्या किंवा ब्रिटिश 6 पाउंडर घ्या, दोन चाकं आणि मागे फाकलेले दोन ट्रेल, झाल्या चार जागा, एक जरी वर राहिली की टेबलावर ठेवल्यावर टकटक वाजणार. आणि 88 ची बैठक तर सरळ क्रॉसच आहे, पुढे एक मागे एक आणि बाजूचे दोन हात, जे खऱ्या तोफेत वाहतुकीच्या वेळी वर दुमडायचे. चार टोकं एका पातळीत आणायची तर सांधे ओले असतानाच सगळं काचेवर ठेवून वरून वजन द्यावं लागतं. पहिल्यांदा करणाऱ्याला हे कोणी सांगत नाही, इन्स्ट्रक्शन शीटवर तर नुसता बाण असतो.

एकदा एकाने मला बरोबर पकडलं होतं, म्हणाला मग ट्रम्पेटर कंपनीची डी-30 ही सोव्हिएत तोफ का नाही, तिलाही तीनच पाय आहेत आणि आपल्या लष्करानेही वापरलीये. मुद्दा बरोबर आहे. माझं म्हणणं एवढंच की तिच्यात भाग जास्त आणि बारीक आहेत, पहिल्या तोफेला नको. पण तो खोडून काढला असं मी म्हणणार नाही.

दुसरं कारण आपलेपणाचं. मी नाशिकची, देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी, लहानपणी रेंजवरून येणारे आवाज आम्हाला ढगांच्या गडगडाटापेक्षा ओळखीचे होते. 25 पाउंडर ही आपल्याकडे 1965 ला होती, 1971 लाही होती, मग हळूहळू 105 मिमीची इंडियन फील्ड गन आली. तुमच्या ओळखीतले एखादे म्हातारे काका तिच्यावर काम केलेले निघू शकतात. चाकांखालची ती गोल तबकडी कशाला असते हे त्यांना विचारा, तीवर चाकं चढवली की तोफ पूर्ण गोल फिरवता यायची, हे ते हाताने करून दाखवतील. असं 88 बद्दल सांगणारं आपल्या आळीत कोण भेटणार?

तिसरं, बॅरल, म्हणजे तोफेची नळी. जुन्या किट्समध्ये ती बहुतेक वेळा दोन फाळ्यांत येते आणि मधला जोड घासून घालवावा लागतो. सरळ रेषेत घासलंत की गोल बॅरल त्या जागी चपटी होते, म्हणून पॉलिश पेपरची पट्टी बॅरलभोवती गुंडाळून बूट पॉलिश करतात तशी पुढे-मागे ओढायची. 88 ची बॅरल खरी जवळपास 4.9 मीटर, म्हणजे 1/35 ला 14 सेंटिमीटर, एवढा लांब जोड पहिल्याच किटमध्ये घासायचा म्हणजे धीर संपतो. 25 पाउंडर अख्खीच्या अख्खी साधारण 13 सेंटिमीटर आहे. त्याहून छोटी नको, 1/72 मध्ये तीच साडेसहा सेंटिमीटर होते आणि साइट, हँडव्हील वगैरे बारीक भाग चिमट्यातून उडून जे जातात ते झाडू मारतानाच सापडतात.

आणि बोफोर्स मागणाऱ्यांनो, कृपा करून खोक्यावरचा आकडा वाचा. कारगिलची बोफोर्स 155 मिमीची. बोफोर्स नावाची जी किट्स सहज मिळतात ती बहुतेक 40 मिमीच्या विमानविरोधी तोफेची, कंपनी तीच स्वीडिश, तोफ पूर्ण वेगळी. दोन जणांनी हौसेने मागवून, कस्टम ड्युटी भरून, खोकं उघडल्यावर मला फोटो पाठवलेत. वाईट वाटतं हो.

आता भाचा.

तो तेव्हा तेरा वर्षांचा, मे महिन्याच्या सुट्टीत माझ्याकडे आलेला. मी म्हटलं 25 पाउंडर कर, तो म्हणाला मावशी 88 च. मी बरंच समजावलं, मग घेऊन दिली. (कुठल्या कंपनीची ते महत्त्वाचं नाही, किटमध्ये काही खोट नव्हती.) गच्चीवरच्या खोलीत कूलर लावून बसायचा, दुपारभर, हाक मारली तरी जेवायला यायचा नाही. काचेवर ठेवायची युक्ती मी त्याला सांगितली नाही. सांगणार होते, त्या दिवशी घरी पाहुणे होते, मी खालीच अडकले. संध्याकाळी वर गेले तर क्रॉस चिकटवून, वर तोफ बसवून मोकळा झालेला, आणि एक हात जमिनीपासून चांगला दोन मिलीमीटर वर. बॅरलवर बोटाचा ठसा, सिमेंट (मॉडेल चिकटवायचा गोंद) जास्त झालेलं. आणि त्या वर राहिलेल्या हाताखाली त्याने बसचं तिकीट घडी करून सरकवलेलं.

इथपर्यंत मी सगळ्यांना सांगते. मग म्हणते, बघा, तोफ डगमगली, पोराचा हिरमोड झाला, त्याने पुन्हा किट हातात घेतलं नाही, म्हणून 88 नको.

हिरमोड झाला नव्हता. तो खूश होता. मी म्हटलं, अरे हे डगमगतंय, तर म्हणाला, "मावशी, लढाईत काय फरशी असते का?" आणि तिकिटाची घडी अजून एकदा दुमडून दाखवली, आता हलत नव्हती. बरोबरच होता तो. खऱ्या 88 च्या हातांच्या टोकांनाही पातळी साधायला जॅक असायचे, कारण जमीन सपाट नसतेच. हे मला तेव्हा माहीत होतं, तरी मी ते त्याला म्हटलं नाही. मी म्हटलं, बघू उद्या.

रात्री तो झोपल्यावर मी वर गेले. खरंच सांगते, मनात होतं की नुसता तो एक हात सोडवून सरळ करावा. सिमेंट पूर्ण धरलं नव्हतं, पातळ पातं घालून हात सुटला, पण तो सुटताना दुसरा सांधा हलला, मग तोही काढला, मग म्हटलं काढलंच आहे तर बॅरलवरचा ठसा घासू, जोड घासू, मग ढाल जरा वाकडी दिसायला लागली. अडीच वाजता सगळी तोफ काचेवर, वर ज्ञानेश्वरीची जाड प्रत वजन म्हणून. पहाटे एअरब्रश काढून डार्क यलोचा पहिला हातही मारला. उन्हाळा होता, रंग पटकन सुकला.

सकाळी तो वर आला. बराच वेळ बघत होता, हात लावला नाही. म्हणाला, "छान झालीये." मग म्हणाला, "तू बनवलीस." रागाने नाही, जे दिसत होतं तेच म्हणाला. खाली जाऊन टीव्ही लावला. सुट्टीचे नऊ दिवस बाकी होते, तो वर आला नाही. जाताना मी खोकं करून तोफ द्यायला निघाले तर म्हणाला राहू दे इथेच, प्रवासात मोडेल. बहिणीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, जाऊ दे गं, आता आठवी आहे त्याची, क्लासेस लागतील. मी ते धरून बसले, क्लासेस होते, वय होतं, किट कठीण होतं. किट कठीण होतं हे सगळ्यात सोयीचं निघालं, कारण त्यातून लोकांना सल्ला देता येत होता.

तर मग सल्ला चुकीचा का? माझं माझ्याशीच यावर भांडण आहे. मीच पूर्वी छातीठोक सांगायचे की पहिलं किट आवडीचंच घ्या, अवघड असलं तर असू दे, आवड असली की माणूस सहन करतो. भाच्यानंतर मी ते सोडलं आणि सोप्याच्या बाजूने झाले. आता वाटतं भाच्याने तर पहिलंच म्हणणं खरं करून दाखवलं होतं, त्याने 88 केली होती, तिकिटासकट. पण मग आठवतं की दुसरेही आहेत, ज्यांच्या घरी कुणी मावशी नव्हती आणि तरी त्यांची 88 अर्ध्यात माळ्यावर गेली, बॅरलच्या जोडापाशीच थांबली. ते खोटं कसं म्हणू? तीन पायांचं गणित माझ्या वागण्यामुळे बदलत नाही ना. पण ते गणित मी कशासाठी पुढे करत होते तेही आता तुम्हाला माहीत आहे.

भाचा आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गणपतीला आला होता, कपाटातल्या 88 कडे बघून म्हणाला अजून आहे का ही. मी म्हटलं तुझीच आहे. हसला आणि मोदक घ्यायला आत गेला. मी पुढे काही बोलले नाही, बोलायला हवं होतं की नको ते कळत नाही.

म्हणून तुम्ही विचारलंत तर उत्तर अजून तेच, 25 पाउंडर. 88 च हवी असेल तर 88 घ्या, क्रॉस चिकटवलात की लगेच, सांधे ओले असतानाच, काचेवर ठेवा आणि वर जाड पुस्तक ठेवा, रात्रभर हलवू नका. आणि किट घरातल्या पोरासाठी घेत असाल तर ही काचेची गोष्ट त्याला खोकं उघडायच्या आधी सांगा, पाहुणे असले तरी.