पट भरला, पण काम मिळालं का?
आज दिवसभर कौशल्य प्रशिक्षणाचे आराखडे चाळले. 'किती जणांना शिकवलं' हा आकडा ठळक. सहा महिन्यांनी त्याच कामावर कितीजण टिकले, हा रकानाच नाही. अनुदान पटावर मिळतं, म्हणून स्वस्तात चालणारे वर्ग वाढतात. वेल्डिंगमध्ये इलेक्ट्रोड, गॅस, पत्रा संपतो. मग सराव फळ्यावर!

मालकांना 'कोणती कौशल्यं हवीत' विचारलं की गुळमुळीत उत्तर येतं. कोणती जागा रिकामी राहिली, नव्या माणसाला पुन्हा काय शिकवावं लागलं, हे विचारा. ब्राझीलची सेनाई ही औद्योगिक प्रशिक्षण संस्था १९४२ पासून उद्योगच चालवतात, पगारखर्चावरच्या १ टक्का वर्गणीतून. अर्थात, असंघटित रोजगार जास्त असेल तिथे उस्तादाच्या हाताखाली शिकलेल्यांची प्रात्यक्षिक परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणं जास्त कामाचं.