लाकूड कापलेली जुनी ली-एनफिल्ड: आधी ओळख, मग गोळी

अपशिंग्यासारख्या फौजी गावांच्या साताऱ्यात ली-एनफिल्ड या इंग्रजांच्या फौजेतल्या जुन्या रायफलीचं अप्रूप असणारच. पण शिकारी रूप देताना पुढचं लाकूड आणि कधी नळीही कापलेली असते, त्यामुळे दिसण्यावर जाऊ नका.

आधी मॅगझिन काढा, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) मागे ओढा, चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत, करंगळी घालून रिकामं असल्याची खात्री करा. मग दस्त्याच्या मानेवरच्या लोखंडी पट्ट्यावरचे शिक्के वाचा. ‘२ए’ किंवा ‘२ए१’ असेल तर ती बंगालमधल्या इशापूर कारखान्याची ७.६२ मिमी, मूळ मॅगझिन चौकोनी, १२ गोळ्यांचं. .३०३ रायफलीचं मॅगझिन तिरक्या तळाचं, १० गोळ्यांचं. मात्र मॅगझिन बदललेलं असू शकतं आणि .३१५ ची नळीही बसवलेली सापडते. म्हणून परवान्यावरचा बोअर (नळीच्या भोकाचं माप), नळीवरचा शिक्का आणि काडतूस तिन्ही जुळल्याशिवाय गोळी भरूच नका.

बोल्टच्या दांड्यामागचा नंबर बॉडीच्या नंबराशी जुळत नसेल तर हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली मोजकी जागा, बिघडलेला असू शकतो. .३०३ ला ०.०७४ इंचाच्या फील्ड गेजवर (ही जागा मोजायला चेंबरमध्ये घालायचा मापाचा तुकडा) बोल्ट बंद झाला, तर रायफल बाद समजा. अशा रायफलीत काडतुसाचं पितळी कवच बुडाशी फाटून गॅस तोंडावर येऊ शकतो. ही तपासणी परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्या.

जुन्या फौजी काडतुसांच्या प्रायमरमधलं (बुडाच्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीतलं) मीठ गोळी झाडल्यावर नळीत उरतं आणि तेलाने निघत नाही. त्याच दिवशी नळीत उकळतं पाणी ओता, कोरडी करा, मगच तेल लावा.