मे महिन्यातला मुरबाड : राब, मेंढरं आणि माळशेजची वाट

ठाणेकरांना माळशेज म्हटलं की फक्त पावसाळा आठवतो, धबधबे, भाजलेली कणसं आणि गाड्यांची रांग. मी म्हणेन एकदा मे महिन्यात जा. ऊन मरणाचं असतं हे मान्य, पण भातशेतीचं कितीतरी काम याच महिन्यात उरकलेलं असतं आणि ते बघायला कोणीच जात नाही. आमच्याकडे करवंदं आणि रानभाज्या घेऊन येणाऱ्या एक मावशी आहेत, टोकावड्याच्या बाजूच्या, त्याच म्हणाल्या की राब, म्हणजे भाताचं रोप करायची जागा, भाजायचं चाललंय, धनगर पण वर निघालेत, बघायचं तर आत्ताच ये. मग काय, ठाण्याहून कल्याण लोकल, कल्याण डेपोतून एसटी, मुरबाड मागे पडलं आणि समोर सह्याद्रीची भिंत दिसायला लागली.

मावशींचे दीर, म्हणजे मी काका म्हणतो त्यांना, राबाच्याच कामात होते. खाचराच्या, म्हणजे भाताच्या शेताच्या, वरच्या अंगाला एक तुकडा रोपासाठी राखलेला. त्यावर आधी सुकं शेण पसरायचं, मग ऐनाच्या छाटलेल्या डहाळ्या, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सगळ्यात वर हाताने चुरलेली बारीक माती. मी विचारलं माती कशाला, तर म्हणाले, "माती नसली तं वारा राख उचलून नेईल ना, मग भाजून काय उपयोग." आणि आग लावायची ती वारा जिकडे जातोय त्या टोकाकडून, म्हणजे ती भडकत सुटत नाही, वाऱ्याच्या तोंडाला हळूहळू सरकत येते आणि जमीन खोलवर भाजते. ज्वाळा फार दिसतच नाहीत, नुसता दाट पांढरा धूर आणि मातीखालून येणारा तडतड आवाज. काका हातात ओला फोक घेऊन कडेकडेने फिरत होते, कुठे ठिणगी बांधावरच्या गवतात गेली की फटका मारून विझवायची. तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं, पाऊस पडला की तिथे भात पेरायचा आणि साधारण तीन आठवड्यांत रोप आवणीला, म्हणजे उपटून खाचरात लावायला, येतं.

राबावर आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत, झाडं छाटली जातात, पालापाचोळा कुजून मातीत जायचा तो जळून जातो. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा राइस तंत्रात राब नाही, चिखलणी नाही, आवणी नाही, गादीवाफ्यावर थेट बी टोकायचं. काकांना ते माहीत होतं. त्यांचं म्हणणं असं की त्यात तणनाशक विकत आणावं लागतं, आणि राबाला घरातून एक रुपया बाहेर जात नाही. घरच्यापुरता भात पिकवणाऱ्या माणसाचा हा हिशोब मला तरी पटला. भात घरी खायला, पेंढा जनावराला, जनावराचं शेण राबाला, आणि पाऊस सरला की ओलीवर थोडे वाल. विकायला असं काही फारसं उरतच नाही.

गोठ्यात दोन बैल आणि एक डांगी गाय. डांगी म्हणजे खास या पावसाचं जनावर, कातडीतून तेलासारखा स्राव येतो त्यामुळे पाणी अंगात मुरत नाही, दिवसभर पावसात उभी राहिली तरी हिला काही होत नाही. नाशिक, अकोले, शहापूर हा सगळा घाटाच्या वरचा-खालचा पट्टा हिचाच. पण एवढ्याशा जनावरांचं शेण राबालाच पुरतं, बाकीच्या खाचरांचं काय? तिथे धनगर येतात.

हे धनगर पारनेरकडचे, म्हणजे पर्जन्यछायेतले. दिवाळीनंतर तिकडे चारा संपत येतो आणि इकडे भात कापून शेतं मोकळी झालेली असतात. माळशेज उतरून वाडे खाली येतात, वाडा म्हणजे चार-सहा कुटुंबं आणि त्यांची मेंढरं मिळून. दिवसा चराई, रात्री कोणाच्या तरी शेतात वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढरं बसवायची. लेंडी आणि मूत थेट जमिनीत, वाहतूक नाही की पसरायची मजुरी नाही, आणि बदल्यात शेतकरी रात्रीच्या हिशोबाने तांदूळ किंवा पैसे देतो. मृगाच्या आत मात्र घाट चढायलाच लागतो, दख्खनी मेंढीला कोकणचा पाऊस सोसत नाही, लोकर भिजून राहते, खुरं सडतात, कोकरं तर टिकतच नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकांनी मला एका वाड्यावर नेलं. अजून अंधारच होता आणि बायकांनी अर्धं बिऱ्हाड बांधलंसुद्धा होतं. एक आजी घोडीवर सामान चढवत होत्या, ते बघण्यासारखं होतं. आधी घोंगड्या, त्यावर दोन्ही बाजूंना समान वजन पडेल अशी पिठाची आणि भांड्यांची पोती, मग गुंडाळलेली वाघर, वर पाय बांधलेल्या तीन कोंबड्या, आणि नुकतंच जन्मलेलं एक कोकरू फडक्याच्या झोळीत, फक्त मुंडकं बाहेर. दोर आवळताना आजींनी गुडघा घोडीच्या पोटाला लावला आणि एका हिसक्यात गाठ मारली. घोडी शांत. पुरुषमाणसं मेंढरं घेऊन आधीच पुढे गेलेली, म्हणजे मुक्काम मोडायचा, मांडायचा, चूल, पाणी, पोरं, आजारी कोकरं हे सगळं बायकांच्या अंगावर, आणि धनगर म्हटलं की फोटोत मात्र काठी घेतलेला बाप्याच दिसतो.

आजींना विचारलं यंदा कसं गेलं, तर म्हणाल्या, "चारा व्हता बाबा, पर बसायलाच जागा नाय. दरसालच्या रानाला तारा मारल्यात." तारा म्हणजे प्लॉटिंग. हायवेला लागून जिकडेतिकडे फार्महाऊसचे बोर्ड आहेत, आणि ते आपल्यासारख्यांसाठीच आहेत, ठाणे-नवी मुंबईतून शनिवार-रविवार येणाऱ्यांसाठी. एका प्लॉटला कुंपण पडलं की वाड्याचा एक मुक्काम जातो, आणि मेंढरांची वाटच वळली की शेजारच्या शेताचं खतही जातं, मग तो शेतकरी युरियाची गोणी आणतो. हे मला खरंच लागलं. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे कुरणांचं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केलंय, चांगलंच आहे, पण मुरबाडमधल्या या मुक्कामांची नोंद तरी कोणी ठेवावी, निदान ग्रामपंचायतीने. काकांनी त्यांच्यापुरतं केलंय, भाऊ कुंपण घालू म्हणत होते तर ते म्हणाले जोवर दिवाळीनंतर वाडा येतोय तोवर रान मोकळंच राहील, आणि निघताना आजींना पुढच्या सालचं सांगूनही टाकलं.

जायचं असेल तर मेचा पहिला-दुसरा आठवडा गाठा, वळवाचा पाऊस झाला तर राब भिजतात. पाणी भरपूर न्या, फोटो विचारून काढा. आणि गाडीने गेलात तर सकाळी घाटात मेंढरं दिसली की इंजिन बंद करून थांबा, हॉर्न अजिबात नको, कळप बिथरला की कोकरं कठड्याकडे पळतात.