सहा चाळीस की नऊ वीस?

गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत मी टाइम ऑफिस बघतो. मागच्या पावसाळ्यात आमचा एक मोल्डर कागलहून पहिल्या पाळीला येताना हायवेवर ट्रकखाली गेला. मॅनेजर म्हणाले, "गेटच्या बाहेर झालंय, आपण कशाला कळवायचं? उगीच गळ्यात पडेल."

खरं सांगायचं तर आधी मलाही तसंच वाटायचं. पण ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, कायद्यात 2010 साली कलम 51 ई आलं. घरातून कामावर येता-जाता अपघात झाला आणि वेळ, जागा, परिस्थिती कामाशी जुळली, तर तो नोकरीतलाच धरतात. ईएसआयला अपघात कळवायचा फॉर्म 12 मी त्याच दिवशी भरला.

पुढं ईएसआयचं जे कार्यालय लागलं, तिथं चार हेलपाटे झाले. टेबलावरच्या साहेबांनी एफआयआर उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "पाळी सातची, अपघात नऊ वीसचा. हा कामावर निघाला होता कशावरून?" मी म्हटलं, साहेब, नऊ वीस ही ठाण्यात खबर दिल्याची वेळ. घटनेची वेळ वरच्या रकान्यात आहे, सहा चाळीस. त्यांनी कागद परत सरकवला. "ठाण्यातून लिहून आणा." ठाण्यात म्हणे, "लिहिलंयच की!" दोघंही बरोबर, मधे मी आणि त्याची बायको. ती बिचारी प्रत्येक वेळी आधार कार्ड पुढं करायची.

शेवटी पंचनाम्यानं तारलं. त्यात लिहिलं होतं : सेफ्टी शूज, गेटपास, भाकरीचा डबा. त्याला आदल्या महिन्याच्या पंचिंगचे उतारे जोडले. रोज सहा पन्नासच्या आसपास हजर. साहेबांनी डब्याच्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि कागद घेतले.

म्हणून एफआयआर हातात पडला की आधी दोन्ही वेळा बघा. वाटेत कुठं वळला होता का, तेही घरच्यांना पहिल्याच दिवशी विचारा. मी चौथ्या दिवशी विचारलं.

ईएसआय नसलेल्यांचं वेगळं. तिथं नोव्हेंबर 2025 पर्यंत 1923 चा भरपाई कायदा होता, मृत्यूनंतर सात दिवसांत भरपाई आयुक्तांना अहवाल द्यायचा. त्या कायद्यातही येण्याजाण्याचा अपघात बसतो, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये एका साखर कारखान्याच्या वॉचमनच्या प्रकरणात सांगितलं. तो गेला होता 2003 साली.

आणि शंका असली तरी कळवायचंच. नोकरीतला की नाही हे ठरवणं मॅनेजरचं काम नाही, माझंही नाही.

पेन्शन मंजूर झाल्यावर मॅनेजर म्हणाले, "बरं झालं, आपण लगेच कळवलं." आपण!