वर्षभराच्या स्वयंपाकाची वही: माझा अनुभव

माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले आणि सासर नगर जिल्ह्यातले. त्यामुळे पुण्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात ओले खोबरे, कोकम आणि तांदळाची पिठी जितकी लागते तितकीच बाजरी, हुलगे आणि शेंगदाण्याचा कूटही लागतो. भाचीचे लग्न होऊन ती बंगळुरूला राहायला गेल्यावर तिचे फोन येऊ लागले. कोणता पदार्थ कसा करायचा हे ती क्वचितच विचारत असे, तिचा नेहमीचा प्रश्न असायचा, "मावशी, आता या दिवसांत काय करायचे?" आपल्याकडचा घरचा स्वयंपाक महिन्यांच्या क्रमाने चालतो, तो पदार्थांच्या यादीतून समजत नाही, हे त्या प्रश्नामुळे माझ्या नीट लक्षात आले. 2023 च्या गुढीपाडव्याला मी एक जाड वही घेतली आणि चैत्र ते फाल्गुन अशी तिची पाने आखली. जे शिजेल ते त्याच महिन्यात, करताना पाहून लिहायचे, आठवणीवर विसंबून काहीही लिहायचे नाही, असे ठरवले. हे काम कसे पार पडले ते सविस्तर सांगावेसे वाटते, कारण घरोघरी कोणी ना कोणी असे लिहून ठेवायला हवे, असे मला मनापासून वाटते.

पहिली अडचण मापाची होती. सासूबाई पन्नास वर्षांहून अधिक काळ स्वयंपाक करत आहेत आणि त्यांचे माप त्यांच्या मुठीत आहे. त्यांना मीठ किती घातले असे विचारले की, "पुरेल एवढे," असे उत्तर येई. त्यांना थांबवून चमच्याने मोजायला लावले तर त्यांचा हात बिघडे आणि पदार्थाची चवही बदले. म्हणून मी वजनकाटा आणला आणि मोजण्याची पद्धत उलटी केली: मिठाचा, गुळाचा किंवा पिठाचा डबा आधी तोलून ठेवायचा, त्यांना नेहमीप्रमाणे घेऊ द्यायचे आणि मग डबा पुन्हा तोलायचा. जो फरक येईल तेवढे त्यांच्या हातून पडले. या रीतीने त्यांना काही विचारावे लागत नव्हते आणि मला खरे माप मिळत होते. वाटीच्या मापाबाबतही दक्षता घ्यावी लागली. प्रत्येक घरातली वाटी वेगळी असते, शिवाय एकाच वाटीत खडे मीठ आणि बारीक मीठ किंवा चिरलेला गूळ आणि किसलेला गूळ सारख्या वजनाचे मावत नाहीत. मी 150 मिलिलिटर पाणी मावणारी एक वाटी कायमची ठरवली, तिचे माप वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आणि जिथे चूकभूल परवडत नाही तिथे वाटीसोबत ग्रॅमही लिहिले.

चैत्राची पाने सोपी गेली. कैरीचे पन्हे आणि आंबेडाळ हे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचे पदार्थ, आणि दोन्हींची सारी भिस्त कैरीच्या आंबटपणावर असते. त्यामुळे पन्ह्यासाठी मी गुळाचे एकच प्रमाण दिले नाही. उकडलेल्या कैरीच्या गराच्या दीडपट गुळापासून सुरुवात करावी, चाखून पाहावे आणि गरज पडली तर दुपटीपर्यंत जावे, असे लिहिले. पन्ह्यात चिमूटभर मीठ घातल्याशिवाय वेलचीची चव उठत नाही, हेही तिथेच नोंदवले. पुढे लोणच्याचे पान आले. चार वाट्या फोडींना एक वाटी मीठ हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले प्रमाण आहे आणि त्यात काटकसर करू नये. मीठ फोडींतले पाणी ओढून घेते आणि खार सुटतो. आंबट, खारट खारात आणि वरून आलेल्या तेलाच्या थराखाली बुरशीला वाव उरत नाही, म्हणून लोणचे वर्षभर टिकते. मिठाच्या धास्तीने ते निम्मे घालायचे असेल तर त्या लोणच्याला ताजे लोणचे म्हणावे, फ्रिजमध्ये ठेवावे आणि लवकर संपवावे. फोडणीचे तेल पूर्ण गार झाल्यावरच ओतायचे आणि ओला चमचा बरणीत घालायचा नाही, या दोन सूचनांखाली मी लाल शाईने रेघ ओढली आहे.

पावसाळ्याची पाने लिहिताना मात्र पुष्कळ विचार करावा लागला. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी या रानभाज्या माझ्या माहेरी पहिल्या पावसापासून ताटात असतात, आणि जूनच्या सुरुवातीला शेवळेही येतात. अळूप्रमाणेच शेवळांतही कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक असतात आणि घशाला खाज सुटते ती त्यांच्यामुळे. म्हणूनच अळवाच्या फतफत्यात चिंच आणि शेवळांच्या भाजीत काकडे, म्हणजे काकड झाडाची आंबट फळे, घालण्याची रीत आहे. तिथे आंबटाकडे चवीची हौस म्हणून पाहू नये. भारंगीचा पाला कडू असतो, तो उकळून पाणी काढून टाकावे लागते. हे सारे लिहिता येते, परंतु रानातून खुडलेली पाने ओळखायची कशी, हे मी लिहिले नाही. सारख्या दिसणाऱ्या वनस्पती अनेक आहेत, आणि नुसते वाचून कोणी भाजी खुडायला जावे हे मला योग्य वाटत नाही. रानभाजी विकायला आणणाऱ्या बाईंकडूनच ती घ्यावी, त्यांनाच साफ कशी करायची ते विचारावे आणि मग वहीतली कृती उघडावी, असे त्या पानावर पहिल्याच ओळीत आहे.

भाद्रपदात उकडीच्या मोदकांनी सर्वांत अधिक वेळ घेतला, आणि माझी लिहिण्याची रीत बदलली तीही याच पदार्थामुळे. प्रमाण सांगायला फार काही लागत नाही: एक वाटी तांदळाची पिठी, एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप. पाण्याला खळखळून उकळी आली की पिठी घालायची, उलथण्याच्या दांड्याने ढवळायची, घट्ट झाकण ठेवून मंद आचेवर दोन-तीन मिनिटे वाफ आणायची. पण हेच प्रमाण नव्या तांदळाच्या पिठीला सैल होते आणि जुन्या तांदळाच्या पिठीला कोरडे पडते. तांदळात गव्हासारखा चिकटपणा नसतो. उकळत्या पाण्यात पिठीतला स्टार्च फुगतो आणि तोच पुढे पारीला धरून ठेवतो. म्हणून पिठी नीट वाफवली गेली नाही तर नंतर कितीही मळले तरी पारी फाटते. आई उकड परातीत काढून, हाताला पाण्याचा आणि तेलाचा हात लावत, ती चटका देत असतानाच मळते. मी तिच्या शेजारी बसून वारंवार विचारत होते की, झाले हे कशावरून कळते. शेवटी तिने उकडीचा लिंबाएवढा गोळा हातात दिला आणि अंगठ्याने दाबायला सांगितले. गोळ्याच्या कडेला बारीक भेगा पडल्या. तिने पाण्यात बोटे बुडवून आणखी थोडे मळले आणि पुन्हा दाबायला सांगितले. या वेळी कड अखंड राहिली. "आता पारी कर," ती म्हणाली. पारी मध्ये किंचित जाड आणि कडेला पातळ असावी, म्हणजे कळ्या नाजूक येतात आणि सारणाच्या भाराने बूड फुटत नाही. मोदक चाळणीत ठेवण्यापूर्वी पाण्यात बुडवून काढला की वाफेत तडकत नाही, आणि दहा-बारा मिनिटांत त्याच्यावर तकाकी येते.

त्या दिवसापासून मी प्रत्येक कृतीत मापाच्या ओळीखाली एक ओळ खुणेची ठेवली. पुरणाची डाळ दोन बोटांत दाबली असता कणी लागू नये. गूळ घातल्यावर डाळ पुढे मऊ होत नाही, म्हणून ती त्याआधीच पुरती शिजायला हवी. आटवलेल्या पुरणात पळी उभी राहिली की पातेले उतरवावे आणि पुरण गरम असतानाच यंत्रातून काढावे. नारळीभाताचेही तसेच आहे: भाताचे शीत पुरते शिजल्यावरच गूळ घालायचा, नाहीतर तांदूळ टणक राहतो. सासूबाई मला पुरणाच्या वेळी म्हणाल्या होत्या, "अगं, डाळ बोटांनी दाबून बघायची, घड्याळाकडे काय बघतेस?" ते वाक्य मी वहीत तसेच उतरवून ठेवले आहे.

सणांच्या मधले दिवस या वहीत असावेत असा माझा आग्रह होता, कारण वर्षातले बहुतेक दिवस तसेच असतात. अवेळी पाहुणे आले तर पिठले-भात. कोणाला ताप असेल तर मऊ भात, मेतकूट आणि साजूक तूप. पाऊस लागून राहिला असेल तर हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे, लसणीच्या खमंग फोडणीसह. आमटी मी दोन प्रकारांनी लिहिली. माहेरची गोडा मसाला, कोकम आणि ओल्या खोबऱ्याची, तर सासरची काळा मसाला आणि शेंगदाण्याच्या कुटाची. कोणती चांगली हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही, आणि तो मिटावा असे मला वाटतही नाही. चातुर्मास पाळणाऱ्यांसाठी आषाढ शुद्ध नवमीच्या, म्हणजे कांदेनवमीच्या पानावर कांदाभजी आणि झुणका आहे. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीच्या, म्हणजे चंपाषष्ठीच्या पानावर वांग्याचे भरीत आणि रोडगा आहे. या दोन तिथींच्या मधल्या काळात कांदा-लसूण आणि वांगे वगळून रोजचा स्वयंपाक रुचकर कसा ठेवायचा, यासाठी वेगळी पाने काढली. त्यात दोडका, पडवळ, दुधी, मूग आणि ताक यांच्यावर भर आहे. दिवाळीच्या फराळाला मी थोडीच पाने दिली, कारण त्याच्या कृती कुठेही मिळतात.

थंडीची पाने सासूबाईंची आहेत. जानेवारीत हरभऱ्याचे घाटे, पावट्याचे दाणे, गाजर, वांगी, बोरे आणि ऊस एकाच वेळी बाजारात येतात, आणि भोगीच्या भाजीत ते सारे एकत्र शिजते; सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मुगाची खिचडी आणि लोण्याचा गोळा. बाजरीच्या पिठाविषयी एक सूचना मी ठळक केली आहे: ते ताजे दळून आणावे आणि लवकर संपवावे, कारण बाजरीत स्निग्धांश अधिक असल्याने पीठ ठेवले की कडवट होते. तिळगुळाच्या पाकाची खूण मात्र लिहिण्याजोगी होती. शेजारी थंड पाण्याची वाटी ठेवून चिक्कीच्या गुळाच्या पाकाचा थेंब तीत टाकत राहायचे. आधी तो पसरतो, मग बोटांत धरता येईल अशी मऊ गोळी होते, आणि शेवटी ती गोळी वाटीवर आपटली असता टण असा आवाज येतो. मऊ लाडू हवे असतील तर मधल्या खुणेवर तीळ घालावेत, कडक हवे असतील तर आवाजाची वाट पाहावी. या दोन खुणांमधला वेळ फार थोडा असतो, म्हणून भाजलेले तीळ, दाण्याचे कूट आणि वेलची हाताशी तयार ठेवूनच गूळ विस्तवावर चढवावा.

फाल्गुनात होळीची पुरणपोळी लिहून झाल्यावर मी पानांची छायाचित्रे भाचीला पाठवली आणि एक विनंती केली: वाचून केवळ छान म्हणू नकोस, वहीत आहे तसे करून पाहा आणि जिथे थांबावे लागेल ती ओळ मला कळव. या टप्प्याने वहीला खरा उपयोग आला. "मंद आच" म्हणजे किती, "खमंग" रंग कोणता, पुरणाची डाळ गाळून उरलेल्या कटाची आमटी त्याच दिवशी करायची की दुसऱ्या दिवशी चालेल, असे तिचे प्रश्न येत गेले, आणि प्रत्येक उत्तर मी त्या त्या पानाच्या समासात लिहिले. तिच्याकडे मिळणारा तांदूळ वेगळा होता, म्हणून उकडीच्या पाण्याची ओळ तिने स्वतःच बदलली आणि मला कळवली. तिची ओळ आता माझ्याही वहीत आहे. आमच्या इमारतीतल्या दोघी-तिघींनीही काही पाने उतरवून नेली आणि बदल्यात आपल्या घरच्या कृती दिल्या. त्यातली एक विदर्भातली, गोळाभाताची, थंडीच्या पानांत जाऊन बसली.

अधिक महिन्याची जागा ठरवणे राहिले होते. 2023 साली अधिक श्रावण आला होता, 18 जुलै ते 16 ऑगस्ट, आणि जावयाला वाण देण्यासाठी म्हणून अनारसे त्याच वेळी केले होते. हा महिना दर वेळी वेगळ्या ठिकाणी येतो, म्हणून त्याची पाने बारा महिन्यांच्या मागे, वहीच्या अखेरीस ठेवली. तांदूळ रोज पाणी बदलत तीन दिवस भिजवायचे, सावलीत पसरून किंचित ओलसर असतानाच दळायचे, गूळ मिसळून पीठ काही दिवस मुरू द्यायचे. अनारसा तळताना उलटायचा नाही. खसखशीची बाजू वर ठेवून झाऱ्याने तिच्यावर तूप उडवत राहायचे, म्हणजे जाळी पडते. तो तुपात विरघळू लागला तर पिठात थोडी कोरडी पिठी मिसळावी, आणि कडक होऊ लागला तर पिकलेल्या केळ्याचा तुकडा कुस्करून मळावा. 2026 चा अधिक महिना ज्येष्ठातला, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या अखेरचा. त्या हवेत तांदूळ झपाट्याने सुकतात आणि भिजवलेले पाणी लवकर आंबते, म्हणून पाणी सकाळ-संध्याकाळ बदलावे आणि तांदूळ पसरल्यावर लांब जाऊ नये, अशी सूचना त्या पानाच्या समासात मी आधीच लिहून भाचीला कळवली आहे.